‘ताई, सध्या हेच चाललंय!’

दसरा जवळ आला की कापडबाजाराचा रंग पालटतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, दादरचं हिंदमाता असो, इंदूरचा राजवाडा असो की दिल्लीचं लाजपत नगर, दुकानांबाहेरच्या पुतळ्यांच्या अंगावर एकाच वेळी एकाच धाटणीचे कपडे चढतात. गेल्या वर्षी ज्या दुकानात घेरदार अनारकलीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं, तिथे यंदा आखूड कुर्ता आणि रुंद पायांची विजार लटकलेली असते. गिऱ्हाईक जरा घुटमळलं की दुकानदार ठरलेलं वाक्य टाकतो, ‘‘ताई, सध्या हेच चाललंय!’’

या एका वाक्यापायी घरातला किती पैसा जातो, याचा हिशोब फारसा कुणी ठेवत नाही. दूध, किराणा, शाळेची फी यांच्या नोंदी असतात, कपडे मात्र ‘वरखर्चा’त जातात. कपाट उघडलं की घड्या अंगावर कोसळतात आणि लग्नाचं आमंत्रण आलं की ‘‘घालायला काहीच नाही’’ ही तक्रार सुरू होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. कपाट भरलेलं असतं ते विटलेल्या, आटलेल्या, काखेत उसवलेल्या, नाहीतर फॅशन गेली म्हणून बाजूला पडलेल्या कपड्यांनी.

म्हणून फॅशन करूच नये असं नाही. नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्या मुलीला चांगल्या पोशाखानं धीर येतो आणि साठी उलटलेल्या आजींनाही नव्या रंगाची साडी नेसून बरं वाटतं. प्रश्न आहे तो पैसे नेमके कशाचे मोजायचे, हा. गळा, बाही, घेर, लांबी आणि रंग ही फॅशनची करामत, ती हंगामापुरती. कापड, शिवण आणि माप यांच्याशी मात्र तो कपडा असेपर्यंत गाठ असते. दुकानात नेमकं उलट घडतं. नजर गळ्यावरच्या कामावर जाते आणि कापडाकडे पाहायचं राहून जातं.

फॅशन येते कुठून?

आपल्याकडे फॅशनची पहिली शाळा म्हणजे सिनेमा. ‘वक्त’ (१९६५) मध्ये साधनाच्या अंगावर घट्ट चुडीदार आणि बिनबाह्यांचा तंग कुर्ता दिसला आणि गावोगावच्या शिंप्यांकडे तसाच कुर्ता शिवून मागणाऱ्या मुलींची रीघ लागली. तो पोशाख होता मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचा. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधली मुमताजची अंगालगत बसणारी नारिंगी साडीही त्यांचीच. पुढे ‘बॉबी’ (१९७३) मधल्या डिंपलच्या ठिपक्यांच्या, गाठ मारलेल्या ब्लाऊजनं कॉलेजं गाजवली. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधल्या माधुरी दीक्षितच्या जांभळ्या पोशाखाच्या नकला लग्नाच्या मांडवात कित्येक वर्षं दिसत राहिल्या, तर ‘बंटी और बबली’ (२००५) नंतर कॉलरची आखूड कुर्ती आणि पतियाळा सलवार घराघरांत पोहोचली.

तेव्हा एक सिनेमा यायचा, तो गावात पोहोचायला वेळ लागायचा, शिंपी तो पोशाख आपल्या परीनं उतरवायचा आणि ती फॅशन दोन-तीन वर्षं टिकायची. आता सिनेमाची जागा मोबाईलनं घेतली आहे. सकाळी कुणा नटीच्या अंगावर दिसलेला पोशाख काही दिवसांत स्वस्त कापडात बाजारात येतो. तयार कपड्यांच्या मोठ्या साखळ्यांनी तर दर काही आठवड्यांनी नवा माल मांडण्याची रीतच पाडली आहे. फॅशनचं आयुष्य आखडलं आणि कपड्याचंही. जो कपडा दोन महिने चालायचा आहे, तो दोन वर्षं टिकावा म्हणून कारखानदार तरी कशाला झटेल?

त्यात भर पडली ती फोटोंची. एका साडीत एकदा फोटो निघाला आणि चार ठिकाणी पोहोचला, की तीच साडी पुढच्या लग्नात नेसायची चोरी! पूर्वी एक चांगला शालू दहा लग्नांत मिरवायचा आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. हा नवा संकोच बाजाराच्या फायद्याचा आहे, घराच्या नाही.

गंमत अशी की गेलेली फॅशन फिरून येते. १९७० च्या दशकातली बेलबॉटम पुढे ‘बूटकट’ होऊन आली, मग तंग जीन्स आल्या आणि पुन्हा सैल पायांच्या विजारी आल्या. शरारा आणि अनारकली तर किती वेळा गेले आणि आले! म्हणूनच आजीच्या पेटीतली इरकली, चंदेरी किंवा बांधणी आज नात हौसेनं नेसते. तिचं कापड टिकलं म्हणून फॅशन परतल्यावर ती कामाला आली.

जितकी फॅशन ताजी, तितका खर्च कमी

खरेदीला निघण्यापूर्वी मनाशी तीन वाटे पाडावेत. पहिला वाटा वर्षानुवर्षं चालणाऱ्या कपड्यांचा. सरळ कटाचे सुती कुर्ते, गडद निळी साधी जीन्स, पांढरा किंवा मोतिया शर्ट, काळी किंवा बदामी पँट आणि समारंभासाठी एक-दोन उत्तम साड्या यांत येतात. कपड्यांच्या पैशातला मोठा भाग इथे जावा. दुसरा वाटा दोन-तीन वर्षं टिकणाऱ्या फॅशनचा. पलाझो, लांब जाकीट, विशिष्ट लांबीची कुर्ती अशा गोष्टींवर मध्यम खर्च करावा. तिसरा वाटा निव्वळ या हंगामाचा. एखादा चटकदार रंग, विचित्र बाही, झगमगीत टॉप यांची हौस जरूर करावी, पण थोडक्यात.

हंगामी हौस भागवायला ओढणी, दागिने, पर्स आणि ब्लाऊज या चार गोष्टी सर्वात स्वस्त पडतात. साध्या पांढऱ्या कुर्त्यावर फुलकारीची ओढणी घेतली की एक पोशाख होतो, लहरियाची घेतली की दुसरा आणि कलमकारीची घेतली की तिसरा. साडीचं तर याहून सोपं आहे. साडी सहसा जुनी होत नाही, जुना होतो तो ब्लाऊज. फुग्याची बाही, कोपरापर्यंतची बाही, बोटनेक, बंद गळा असं जे काही चालू असेल ते मीटरभर कापडात शिवून घेता येतं. दहा वर्षांपूर्वीची साडी त्या ब्लाऊजवर आजची वाटते. नवी साडी घेण्यापेक्षा चांगल्या शिंप्याला शिलाईचे चार पैसे जास्त देणं केव्हाही परवडतं.

किमतीचा विचार ‘एकदा घालायला किती पडलं’ असा करून पाहावा. सातशे रुपयांचा टॉप चार वेळा घालून कोपऱ्यात पडला, तर एका वेळेचे १७५ रुपये झाले. अठराशे रुपयांचा चांगला सुती कुर्ता दोन वर्षांत साठ वेळा अंगावर आला, तर एका वेळेचे ३० रुपये. स्वस्त कोणता, ते किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं!

कापड ओळखावं कसं?

तयार कपड्याच्या आत, कडेच्या शिवणीत, एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर कापडात काय काय आहे आणि ते धुवावं कसं, ते दिलेलं असतं. खरेदीच्या वेळी ही पट्टी आधी पाहावी, गळ्यावरचं काम नंतर.

सुती कापड घाम शोषतं, त्वचेला मानवतं, पण पहिल्या धुण्यात थोडं आटतं. म्हणून सुती कुर्ता अगदी अंगाबरोबर घेऊ नये. रेयॉन किंवा विस्कोस लाकडाच्या लगद्यापासून बनतं. ते मऊ, झुळझुळीत आणि घाम शोषणारं असतं, मात्र ओलं असताना नाजूक होतं. ते मशीनमध्ये रगडलं किंवा हातानं पिळलं की आकार बिघडतो. पॉलिएस्टरला सुरकुती पडत नाही, ते लवकर वाळतं आणि टिकतंही. प्रवासाला आणि पावसाळ्यात ते सोयीचं, पण घाम शोषत नसल्यानं मे महिन्यात नागपूरला किंवा चेन्नईला दिवसभर घालणं म्हणजे शिक्षाच. आज बाजारातलं बरंचसं जॉर्जेट आणि क्रेप पॉलिएस्टरचंच असतं, हे लक्षात ठेवावं.

शब्दांचे खेळही ओळखायला हवेत. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे, तर कृत्रिम रेशीम. ‘सिल्क फील’, ‘सिल्की फिनिश’, ‘सेमी पैठणी’ या शब्दांत रेशमाची हमी नसते. ‘कॉटन ब्लेंड’मध्ये सूत किती आणि पॉलिएस्टर किती, ते विचारावं. ही कापडं वाईट असतात असं नाही, पण कृत्रिम धाग्याला रेशमाचा भाव मोजायचं कारण नाही.

शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून घरी पाहण्याची जुनी रीत आहे. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून धागा जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मऊ राखाडी राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटानं चुरला की भुगा होतो. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी होतो, तो चुरत नाही. हे काम मुलांपासून दूर, पाणी जवळ ठेवूनच करावं.

रंग टिकतो की नाही, ते पाहायला पांढरा रुमाल पुरतो. रुमालाचं टोक ओलं करून कपड्याच्या आतल्या शिवणीवर घासावं. रंग उतरला तर तो कपडा पहिले काही वेळा वेगळाच धुवावा लागणार. आणि रंग पाहायचा तो दुकानाच्या दिव्याखाली नव्हे, दारात येऊन उजेडात. पिवळ्या दिव्यात राणी रंग वाटलेली साडी घरी येईपर्यंत गाजरी झाल्याचा अनुभव घरोघरी असतो.

पैठणीचा मोह

गेल्या काही वर्षांत पैठणीची हौस साडीपुरती राहिलेली नाही. पैठणीची ओढणी, जाकीट, कुर्त्याला पैठणीचे काठ, पर्स, मुलांसाठी पैठणीचा फेटा, असं सगळं बाजारात आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तर सणासमारंभाला पैठणी हवीच. फसगतही इथेच जास्त होते, कारण हातमागावरची खरी पैठणी, यंत्रमागावरची रेशमी साडी, कृत्रिम धाग्याची साडी आणि नुसती छापलेली नक्षी या चारही गोष्टी ‘पैठणी’ याच नावानं विकल्या जातात.

खरी पैठणी विणली जाते ती मुख्यतः नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आणि तिला जिनं नाव दिलं त्या पैठणमध्ये. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पदरावरचे मोर, पोपट, कमळं किंवा वेल विणताना रंगीत धागे बोटांनी एकमेकांत गुंतवले जातात. त्यामुळे पदराची नक्षी सुलट आणि उलट बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. साडी उलटी करून पाहावी. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती नक्षी यंत्रावर उठवलेली आहे असं समजावं. एका साडीला कामाच्या बारकाईनुसार काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे दोन-तीन हजारांत ‘हातमागाची अस्सल रेशमी पैठणी’ मिळाल्याचा आनंद फार काळ टिकत नाही.

दोन खुणा मदतीला येतात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ मध्ये ‘सिल्क मार्क’ सुरू झाला. ही क्रमांक असलेली चिठ्ठी शुद्ध रेशमाची खूण आहे. ‘हॅण्डलूम मार्क’ ही २००६ पासूनची खूण कापड हातमागावर विणलेलं असल्याचं सांगते. पहिली धाग्याबद्दल बोलते, दुसरी विणण्याबद्दल. रेशमी आणि हातमागाची साडी घ्यायची असेल, तर दोन्ही गोष्टींची खात्री करून घ्यावी. जरीबद्दलही विचारावं. अस्सल जरीत चांदीची तार असते, ‘टेस्टेड’ जरीत तांब्याची, तर तिसऱ्या प्रकारची जर म्हणजे नुसता चमकदार प्लास्टिकचा धागा. तिन्हींच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो. दुकानदारानं तोंडी सांगितलेलं सगळं बिलावर लिहून मागावं. ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ एवढं लिहायला जो कचरतो, त्याच्याकडे मोठी रक्कम मोजू नये.

हा प्रश्न फक्त गिऱ्हाइकाच्या पैशाचा नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात पस्तीस लाखांहून अधिक माणसं या कामात आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. नक्कल अस्सलच्या भावात विकली गेली, की गिऱ्हाईक फसतं आणि विणणाऱ्याची मजुरीही बुडते. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आणि सणांच्या आधी ठिकठिकाणी हातमागाची प्रदर्शनं भरतात. तिथे पुष्कळदा विणकराशीच बोलता येतं.

शिवणीतली माया

जुने शिंपी कपड्याच्या आत दोन्ही बाजूंना कापड सोडत. त्याला ‘माया’ म्हणतात. मुलगी अंगानं भरली किंवा बाळंतपणानंतर कुर्ता घट्ट झाला की ही माया उसवून कपडा सैल करता येई. तयार कपड्यांत ही माया आटत चालली आहे. म्हणून कुर्ता घेताना तो उलटा करावा. कडेच्या शिवणीत निदान बोटभर कापड आहे का? टाके जवळजवळ आणि सरळ आहेत का? पातळ कापडाला अस्तर आहे का? रेघांचं किंवा चौकड्यांचं कापड असेल, तर दोन्ही बाजूंच्या रेघा शिवणीवर जुळतात का? काजाचे धागे सुटलेले नाहीत ना, चेन अडकत नाही ना? दोन मिनिटांच्या या तपासणीत कपड्याची सगळी कुंडली कळते.

कपडा घालून पाहायच्या खोलीत आरशासमोर ताठ उभं राहून सगळ्यांनाच सगळं छान दिसतं. तिथे हात वर करून पाहावेत, खाली बसून पाहावं, वाकून पाहावं. बसमध्ये दांडी धरायची असते, लग्नात पंगतीत बसायचं असतं, मूल कडेवर घ्यायचं असतं. या हालचालींत जो कपडा काखेत ओढत नाही आणि कमरेला काचत नाही, तो आपला.

मापाच्या अक्षरांवर फार विश्वास ठेवू नये. एका कंपनीचं ‘मीडियम’ दुसरीचं ‘लार्ज’ असतं. भारतीय शरीरयष्टीला अनुसरून प्रमाण मापं ठरवण्याचं काम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे ‘निफ्ट’नं, हाती घेतलं ते याचसाठी. तोवर उपाय घरचाच. अंगाला सर्वात चांगला बसणारा कुर्ता जमिनीवर पसरून त्याचं छातीचं, खांद्याचं, नितंबाचं आणि लांबीचं माप घ्यावं आणि ते मोबाईलमध्ये लिहून ठेवावं. दुकानात जाताना पर्समध्ये टेप असावा. आणि मोठ्या मापाचा कपडा लागला म्हणून खट्टू होण्याचं कारण नाही. ते अक्षर आत असतं, बाहेर दिसते ती कपड्याची ठेवण.

बाजार, सेल आणि मोबाईल

मुंबईची फॅशन स्ट्रीट आणि वांद्र्याचा लिंकिंग रोड, पुण्याची तुळशीबाग, दिल्लीचं सरोजिनी नगर आणि जनपथ, बंगळुरूचा कमर्शियल स्ट्रीट, चेन्नईचं टी. नगर, कोलकात्याचं गरियाहाट. हंगामी हौस पुरवायला असे बाजार उत्तम. सरोजिनी नगरसारख्या ठिकाणी निर्यातीसाठी शिवलेला, पण मागणी रद्द झाल्यानं किंवा किरकोळ दोषामुळे उरलेला मालही येतो. त्यात चांगलं कापड थोडक्यात मिळतं, मात्र डाग, सुटलेली शिवण किंवा दोन बाह्यांच्या लांबीतला फरक शोधण्याचं काम गिऱ्हाइकाचंच. तिथे बदलून मिळण्याची आशा नसते. कामाच्या दिवशी सकाळी जावं, दोन-तीन ठिकाणी भाव काढावा आणि मगच घासाघीस करावी.

सेलच्या पाट्यांवरचं गणित घरी मांडून पाहावं. ‘३० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ५० टक्के नव्हे. हजाराच्या कपड्यावर आधी तीनशे कमी होतात, मग उरलेल्या सातशेवर एकशे चाळीस. एकूण सूट ४४ टक्के. ‘दोनांवर एक मोफत’ म्हणजे तिन्ही सारख्या किमतीचे असतील तर सुमारे ३३ टक्के सूट, आणि नको असलेले दोन कपडे घरात! सेलला जाताना यादी हातात असावी. यादीत नसलेला कपडा निम्म्या किमतीत मिळाला, तरी ती निम्मी किंमत वायाच.

मोबाईलवरून कपडे मागवताना मॉडेलच्या फोटोपेक्षा खालचा मजकूर वाचावा. कापड कोणतं, मापाचा तक्ता इंचांत काय म्हणतो, परत करण्याची मुदत किती आणि परतीचा खर्च कुणाचा, हे आधी पाहावं. ज्यांनी कपडा घेऊन स्वतःचे फोटो टाकलेले असतात, त्यांचे अभिप्राय जास्त उपयोगी पडतात. पाकीट उघडताना चित्रण करून ठेवावं आणि कपडा ठेवायचं नक्की ठरेपर्यंत चिठ्ठी काढू नये. ‘पैसे परत करतो’ म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला, तर तो मुळीच देऊ नये.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून अनेकजण गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. अर्थात हा हक्क दोष असलेल्या मालापुरता आहे. घरी आल्यावर रंग आवडला नाही, हा कपड्याचा दोष नव्हे. तिथे दुकानाचा नियम चालतो, म्हणून तो आधी विचारावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

घरातल्या घरात

कपड्यांवरून आई-मुलीत होणारी धुसफूस नवी नाही. मुलीला मैत्रिणींसारखं दिसायचं असतं, आईला महिन्याचं गणित जुळवायचं असतं. नुसतं ‘नाही’ म्हटलं की रुसवेफुगवे होतात, आणि दरवेळी ‘हो’ म्हटलं की उसनवारी. यावर कित्येक घरांनी एक साधा तोडगा काढलेला दिसतो. वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा कपड्यांचा आकडा ठरवून तो कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती सोपवायचा. त्यात फाटकी जीन्स घ्यायची की तीन चांगले शर्ट, ते त्यांनी ठरवायचं, मात्र वर पैसे मिळणार नाहीत. पहिल्या वेळी पैसे उडतात, दुसऱ्या वेळी मुलं आपणहून कापड चाचपून पाहू लागतात.

‘सावळ्या रंगाला हे शोभत नाही’, ‘या वयात कसले हे रंग’ ही वाक्यंही आता कपाटातून बाहेर काढायला हरकत नाही. गडद लाल, मोरपंखी, हळदी हे रंग सावळ्या कांतीवर काय खुलतात, ते दक्षिणेतल्या कोणत्याही लग्नात जाऊन पाहावं. आणि एकच साडी दोन लग्नांत नेसणाऱ्या बाईनं संकोचायचं कारण काय? ती साडी चांगली आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

घेतलेला कपडा सांभाळणं हाही खरेदीचाच भाग. रेशमी साड्या जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालावी म्हणजे एकाच रेषेवर विरत नाहीत. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, जर काळी पडते. गडद कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. तुटलेलं बटण आणि उसवलेला टाका त्याच आठवड्यात नीट केला की कपडा मागे पडत नाही.

आणि नवा कपडा हातात घेताना एकदा बोहारणीची नजर लावून पाहावी. दारात बसून ती कपडा उलगडते, उजेडासमोर धरते, कोपर, काख आणि काठ चाचपते, मगच भांडं पुढे करते. त्याची फॅशन कोणत्या साली होती, असं ती कधी विचारत नाही. कपडा देताना जी पारख ती करते, तीच घेताना आपण केली, तर पुढच्या दिवाळीत कपाट थोडं रिकामं असेल आणि घालायला मात्र पुष्कळ असेल.